सप्तकुंड धबधब्याची सहकुटुंब सहल : एक समवायी पाठ

इयत्ता : ५ वी ते ७ वी
समवायी विषय : भूगोल, गणित, सामान्य विज्ञान, नागरिकशास्त्र
तासिका : ३
साहित्य : जिल्ह्याचा नकाशा, दोरा, पाटा, तांब्या, घमेलेभर काळी माती, एस. टी. चे वेळापत्रक

पाठाचा हेतू

पावसाळा स्थिरावला की खानदेशातील घराघरांतून धबधबा पाहावयास जाण्याच्या गोष्टी निघू लागतात. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीजवळील धवलतीर्थ, यावल तालुक्यातील मनुदेवी आणि अजिंठ्याच्या लेण्यांजवळील सप्तकुंड ही त्यांपैकी नामांकित स्थळे होत. बोदवड परिसरातील कुटुंबांस यांतील सप्तकुंड एका दिवसात पाहून परतण्याजोगे आहे. म्हणून या पाठासाठी तेच निवडले आहे.

सहल ठरते ती बहुधा वडील मंडळींच्या बोलण्यात. मुलांच्या वाट्यास उत्सुकता तेवढी येते. वास्तविक दिवस कोणता निवडावा, निघावे केव्हा, खर्च किती येईल आणि पाण्यापासून किती दूर उभे राहावे, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शाळेत शिकलेल्या विषयांत असते. ते मुलांनी स्वतः शोधावे व घरी सांगावे, हा या पाठाचा हेतू होय.

यास आणखी एक कारण आहे. कोरडवाहू मुलखातील मुलांस वाहत्या व खोल पाण्याचा सहवास फारसा नसतो. पाणी दिसताच ती हर्षाने धावतात, पण पाण्याचा स्वभाव त्यांच्या परिचयाचा नसतो. तो परिचय सहलीपूर्वी वर्गात झाला पाहिजे.

प्रस्तावना

शिक्षकाने फळ्यावर एक कुटुंब मांडावे. बोदवड येथे राहणारे हे कुटुंब पाच जणांचे आहे : ७६ वर्षांची आजी, वडील, आई, १३ वर्षांची ताई व ९ वर्षांचा भाऊ. आजीचे गुडघे दुखतात. भावास पोहता येत नाही. या पाचही जणांनी सप्तकुंड पाहून दिवेलागणीपूर्वी सुखरूप घरी यावयाचे आहे. 'त्यांचा बेत कसा आखाल?' एवढाच प्रश्न विचारून मुलांची उत्तरे फळ्यावर लिहून घ्यावीत. ती चूक असली तरी पुसू नयेत. पाठाच्या अखेरीस मुलेच ती दुरुस्त करतील.

पहिली तासिका : स्थळ आणि वाट

नकाशात बोदवड व अजिंठ्याची लेणी ही दोन ठिकाणे दाखवावीत. लेणी बोदवडच्या नैर्ऋत्येस आहेत. वाट जामनेर, पहूर, वाकोद व फर्दापूर अशी जाते. फर्दापूर हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यात येते. म्हणजे या प्रवासात जिल्ह्याची सीमा ओलांडावी लागते. नकाशातील रस्त्यावर दोरा ठेवून अंतर मुलांकडून मोजून घ्यावे. ते सुमारे ६० किलोमीटर भरते.

फर्दापूरच्या तिठ्यावर खाजगी वाहने थांबवावी लागतात. तेथून सुमारे ४ किलोमीटरचा प्रवास एस. टी. च्या गाडीने करावयाचा असतो. लेणी सोमवारी बंद असतात. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांस प्रवेशद्वारावरून परतावे लागते, म्हणून ती मुलांनी वहीत ठळक लिहावी.

वाघोरा नदी डोंगरमाथ्यावरून दरीत उतरते, तेव्हा ती एका उडीत खाली येत नाही. पायरीपायरीने, कुंडामागून कुंड भरीत ती उतरते, म्हणून त्या स्थळास सप्तकुंड म्हणतात. खाली येताच ती घोड्याच्या नालासारखे वळण घेते. त्या वळणावरील सुमारे ७६ मीटर उंचीच्या कड्यात अजिंठ्याची ३० लेणी कोरलेली आहेत. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडली आणि बाहेरच्या जगास त्यांची ओळख झाली. १९८३ साली त्यांचा जागतिक वारशात समावेश झाला.

पुढे हीच नदी वाघूर या नावाने उत्तरेकडे वाहत जाऊन तापीस मिळते. वाघूर धरणाचे पाणी जळगाव शहरास पुरविले जाते. दरीत कोसळणारे पाणी आपल्याच जिल्ह्यातील नळांतून येते, हे कळले म्हणजे मुलांस धबधब्याविषयी आपलेपणा वाटू लागतो.

दुसरी तासिका : पायऱ्या कशा झाल्या आणि पाणी कसे वाढते

दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनले. काही थर कठीण, तर काही मऊ व सच्छिद्र आहेत. वाहत्या पाण्याने मऊ थर लवकर झिजतो. वरचा कठीण थर पुढे डोकावत राहतो आणि आधार गेला की तुटून पडतो. अशा रीतीने पायरी तयार होते. पायरीच्या पायथ्याशी पाण्याबरोबर फिरणारे गोटे खडक घासतात व तेथे कुंड पडते. कुंड किती खोल आहे, हे गढूळ पाण्यात वरून कळत नाही. काठावरील खडक शेवाळाने निसरडा झालेला असतो. कुंडात उतरू नये, या सूचनेचे कारण असे खडकाच्या घडणीतच आहे.

यानंतर एक प्रयोग करावा. पाटा किंचित तिरपा ठेवून त्यावर तांब्याभर पाणी ओतावे. ते तत्काळ खाली येते. तेवढेच पाणी काळ्या मातीच्या घमेल्यात ओतावे. माती ते बराच वेळ धरून ठेवते. डोंगरमाथ्यावरील उघडा खडक पाट्यासारखा आहे. त्यावर पडलेला पाऊस मुरत नाही, चोहोबाजूंनी नदीत धावतो. शेताच्या बांधावरून वाहणाऱ्या पाण्याचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही. दरीत ऊन असताना माथ्यावर पाऊस कोसळत असू शकतो आणि त्याचे पाणी थोड्याच वेळात खाली येऊन पोहोचते.

७ वीच्या मुलांस आणखी एक नियम सांगावा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की उभ्या माणसावर पडणारा त्याचा रेटा चौपट होतो. वेग तिप्पट झाला की रेटा नऊपट. त्यामुळे 'मघाशी गुडघाभर पाण्यातून आलो, आताही जाऊ' हा हिशेब चुकतो.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागील धबधब्यात वर्षासहलीस गेलेल्या एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले. त्यांत ४ मुले होती. पाणी वाढल्यावर प्रवाहाच्या मध्यभागी ती सारी मंडळी एकमेकांस घट्ट धरून उभी होती. काठावर माणसे होती, पण त्यांस पोहोचता आले नाही. ही हकिगत मुलांस भीती घालण्यासाठी सांगू नये. शांतपणे सांगावी आणि विचारावे, 'त्यांच्या ध्यानात कोणती खूण आधी यावयास हवी होती?' उत्तरे मिळताच पुढील खुणा फळ्यावर लिहाव्यात :

१. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे.
२. पाण्याबरोबर पालापाचोळा व काटक्या येऊ लागणे.
३. धबधब्याचा आवाज जड होणे.
४. काठावर खूण म्हणून नेमलेला दगड बुडू लागणे.
५. माथ्याकडील आकाश काळे होणे.

यांपैकी एकही खूण दिसताच सामान गोळा करीत न बसता काठाच्या बाजूने उंच जागी जावे. प्रवाहाच्या दिशेने धावू नये आणि पलीकडे जाण्याचा प्रयत्न करू नये. कोणी वाहून जात असल्यास पोहता न येणाऱ्याने मागोमाग उडी घेऊ नये. दोर, काठी किंवा लुगडे फेकावे व ११२ या क्रमांकावर मदत मागावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्यावेत.

तिसरी तासिका : वेळ, खर्च आणि शिदोरी

ऋतू : उन्हाळ्यात सप्तकुंड कोरडे असते. पावसाने जोर धरल्यावर, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, ते शोभिवंत दिसते. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी बेत पुढे ढकलावा. धबधबा पुढल्या रविवारीही असतो.

वेळ : वेळापत्रक उलट्या क्रमाने मांडण्यास शिकवावे. ऑगस्टमध्ये सुमारे ७ वाजता सूर्यास्त होतो. घरी ६-३० पर्यंत पोहोचावयाचे; प्रवासास २ तास व गाडी बदलण्यास ४५ मिनिटे धरली, तर फर्दापूरचा तिठा ३-४५ वाजता सोडला पाहिजे. त्यासाठी दरीतून ३ वाजता निघावे लागेल. सकाळी ६ वाजता बोदवड सोडल्यास ८-४५ ला तिठा येतो आणि ९-३० च्या सुमारास दरीत पाऊल पडते. म्हणजे पाहण्यास साडेपाच तास मिळतात. दुपारनंतर सरी येण्याचा संभव अधिक. यास्तव धबधबा आधी व लेणी नंतर पाहावीत.

खर्च : एस. टी. त ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांस प्रवास विनामूल्य असून ५ ते १२ वर्षांच्या मुलांस अर्धे भाडे पडते. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांस भाड्यात निम्मी सवलत आहे. आपल्या कुटुंबाची भाडी अशी होतील : आजी ०, वडील १, आई अर्धे, ताई अर्धे, भाऊ अर्धे, एकूण अडीच. पूर्ण भाडे १२० रुपये मानल्यास एका वेळचे ३०० व जाण्यायेण्याचे ६०० रुपये. तिठ्यापासूनच्या गाडीचे तिकीट वेगळे. लेण्यांत १५ वर्षांखालील मुलांस प्रवेशशुल्क नाही. त्यामुळे तीनच तिकिटे काढावी लागतील. प्रत्यक्ष दर मुलांनी स्थानकावर विचारून हिशेब पुन्हा करावा.

शिदोरी : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि पिण्याचे पाणी पुरेसे होते. दरीत माकडे आहेत. त्यांच्यादेखत डबा उघडू नये व त्यांस काही देऊ नये. कागद, पिशव्या आपल्याच झोळीत परत आणाव्यात.

आजी : लेण्यांकडे पायऱ्या चढून जावे लागते. तेथे डोलीची सोय आहे. आजीने कोठे बसावे, तिच्याजवळ कोणी थांबावे, हे घरीच ठरवावे. ऐन वेळी 'तू येथे बैस' असे म्हणून वृद्ध माणसास एकटे सोडून जाणे शोभत नाही. आईवडिलांनी आळीपाळीने थांबावे.

लेणी : चित्रे असलेल्या लेण्यांत झोतदिव्याने छायाचित्र घेण्यास मनाई आहे. भिंतीस हात लावू नये. दीड हजार वर्षे टिकलेले रंग हाताच्या ओलाव्याने बिघडतात.

स्वाध्याय

१. याच कुटुंबाबरोबर ६८ वर्षांचे एक आजोबा आले, तर एकूण किती भाडी होतील? (६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशांस अर्धे भाडे.)
२. गाडी एक तास उशिरा मिळाली, तर वेळापत्रकातील कोणती गोष्ट वगळाल? कारण लिहा.
३. पाण्याचा वेग चौपट झाल्यास रेटा कितीपट होईल?
४. वाघोरेचा तापीपर्यंतचा प्रवास आराखड्याने दाखवा.
५. पाच खुणांचा तक्ता तयार करून घरी दर्शनी जागी लावा.

समारोप

शेवटी शिक्षकाने प्रारंभी लिहिलेल्या उत्तरांकडे मुलांचे लक्ष वेधावे. 'कुंडात पोहू', 'संध्याकाळपर्यंत थांबू', 'आजीला घरीच ठेवू' अशी वाक्ये मुले स्वतः खोडतील. पाचव्या उत्तराखाली त्यांच्याकडूनच एक वाक्य लिहून घ्यावे : बेत मोडला तरी चालेल, माणूस परत आला पाहिजे.

सहलीच्या दिवशी पाणी गढूळ झाल्याचे नऊ वर्षांच्या मुलाच्या ध्यानात प्रथम आले आणि त्याने वडिलांचा हात धरून त्यांस मागे ओढले, तर वडिलांनी 'तुला काय कळते?' असे म्हणू नये, त्याचे ऐकावे. हे सांगण्यासाठी पाठाची माहिती पालकसभेत अवश्य द्यावी.