वाचकांचे प्रश्न : प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार आली, क्लबने काय करावे?

प्रश्न : आमच्या भागातल्या धरणाच्या जलाशयावर आम्ही हौशी मंडळी कयाकिंगचा क्लब चालवतो. संस्था नोंदणीकृत आहे. प्रशिक्षकांना मानधन देतो, बोटींची देखभाल करायला एक माणूस आहे, बाकी सगळे स्वेच्छेने काम करतात. गेल्या आठवड्यात 16 वर्षांच्या एका मुलीने आमच्यातल्या एका ताईंना सांगितले, की सर रात्री उशिरा मेसेज करतात, फोटो मागतात आणि उलटलेल्या बोटीत परत चढण्याचा सराव घेताना नको तिथे हात लावतात. आईवडिलांना पोलिसांत जायचे नाही. कार्यकारिणीतले बहुतेक जण म्हणतात, सरांना समज देऊ, आपल्यातच मिटवू. मी सचिव आहे. मी काय करावे?
– एक सचिव, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : पोलिसांना कळवा, आणि हे वाचून होताच कळवा. मुलगी 18 वर्षांखालची आहे, म्हणून येथे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा पॉक्सो कायदा, 2012 लागू होतो. असा गुन्हा घडल्याचे ज्याला समजले, किंवा घडेल अशी रास्त भीती वाटली, त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलीस ठाण्याला कळवलेच पाहिजे, असे कलम 19 सांगते. त्याला आईवडिलांची संमती लागत नाही, कार्यकारिणीचा ठरावही लागत नाही. त्या ताईंवर ही जबाबदारी आहे, तुमच्यावर आहे आणि ज्यांच्या कानावर हे गेले त्या सगळ्या पदाधिकाऱ्यांवर आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला, तर कैद एक वर्षापर्यंत जाते.

हे कलम नुसते कागदावर नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाले होते. ते समजूनही कळवले नाही म्हणून एका डॉक्टरांवर गुन्हा नोंदवला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी उच्च न्यायालयाचा आदेश बाजूला सारला आणि माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे बजावले.

आता ‘समज देऊ’ याबद्दल. समज दिली की सर सर्वात आधी फोनमधले मेसेज पुसतील. मग मुलीचा शब्द आणि सरांचा शब्द एवढेच हाती उरेल. म्हणून पोलिसांत जाण्याआधी सरांशी या विषयावर चकार शब्द काढू नका. मुलीचा फोन आहे तसा राहू द्या, काही पुसू नका, आणि ज्यात क्रमांक, तारीख व वेळ दिसते असे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ताईंनी मुलीचे बोलणे तिच्याच शब्दांत लिहून त्याखाली तारीख घालून सही करावी. तिला पुन्हा कार्यकारिणीपुढे बसवून ‘नक्की कुठे हात लावला?’ असे विचारू नका. चौकशी करणे हे तुमचे काम नाही, आणि पाच मोठ्या माणसांसमोर तेच पुन्हा सांगायला लावणे हा त्या मुलीवर दुसरा अन्याय आहे.

खबर दिली, की त्याच दिवशी प्रशिक्षकांना लेखी कळवा : तपास पूर्ण होईपर्यंत क्लबच्या आवारात यायचे नाही आणि कोणत्याही मुलाशी संपर्क ठेवायचा नाही. याने ते दोषी ठरत नाहीत. बाकीची मुले तेवढी सुरक्षित राहतात. क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या विषयाचे अक्षरही नको. माध्यमांतून मुलीची ओळख उघड करणे कलम 23 खाली गुन्हा आहे, आणि छोट्या गावात नाव न घेताही ओळख पटते.

आईवडिलांची भीती मी समजू शकतो. त्यांच्याशी शांतपणे बोला. मुलीला ठाण्यात जाऊन बसावे लागत नाही. तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. त्या वेळी आईवडील किंवा तिच्या विश्वासातले माणूस सोबत असते. अधिकारपदाचा किंवा विश्वासाचा गैरफायदा घेऊन लैंगिक हेतूने स्पर्श केल्याचे सिद्ध झाले, तर शिक्षा पाच ते सात वर्षांची आहे. रात्रीच्या मेसेजचा गुन्हा वेगळा. सद्भावनेने खबर देणाऱ्यावर कोणतीही कारवाई होत नाही. ते पालकांनाही सांगा आणि कार्यकारिणीतल्या बिचकणाऱ्या मंडळींनाही.

प्रश्न : मी 34 वर्षांची आहे. सकाळी नोकरीला जाण्याआधी वल्हवायला जाते. आमच्याच क्लबचा एक ज्येष्ठ सदस्य माझ्या ओल्या कपड्यांवरून शेरे मारतो, एकदा धक्क्यावर त्याने वाट अडवली. मी क्लबची नोकर नाही, वर्गणी भरणारी सदस्य आहे. कामाच्या ठिकाणचा कायदा मला लागू होतो का?
– एक वाचक, ठाणे जिल्हा

उत्तर : होतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत क्रीडा संस्था, क्रीडा संकुल आणि सरावाची व स्पर्धेची जागा यांचा उल्लेख आहे, आणि पीडित स्त्री कोणत्याही वयाची, नोकरीत असलेली वा नसलेली असू शकते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती हवी. कर्मचाऱ्यांत बिनपगारी, स्वेच्छेने काम करणारेही धरले जातात, हे क्लबवाले बहुतेक वेळा विसरतात. समिती नेमली नाही तर 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तुमच्या क्लबमध्ये दहा माणसे भरत नसतील, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे मिळेल. शी-बॉक्स या सरकारी संकेतस्थळावरूनही तक्रार देता येते. मुदत मात्र तीन महिन्यांची आहे. कारण पटले तर आणखी तीन महिने मिळतात. शेरे कधी, कुठे, कोणासमोर मारले, ते आजच लिहून काढा.

शेरेबाजी व वाट अडवणे यांसाठी तुम्ही भारतीय न्याय संहितेखाली थेट पोलिसांतही जाऊ शकता. लैंगिक छळ कलम 75 मध्ये येतो. एक मार्ग धरला म्हणून दुसरा बंद होत नाही. अंतर्गत समिती नेमण्यात मोठ्या संस्थांनीही कुचराई केली आहे. गोवा विद्यापीठाच्या एका प्रकरणात 12 मे 2023 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एका दैनिकाच्या पाहणीचा दाखला दिला : 30 राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी 16 मध्ये अशी समितीच नव्हती. त्याच सुमारास लैंगिक छळाच्या तक्रारींवर कारवाई व्हावी म्हणून महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसल्या होत्या. राष्ट्रीय पातळीवर ही गत, म्हणून छोट्या क्लबला सूट आहे असे नाही.

प्रश्न : आम्ही कोकणात खाडीवर मुलांसाठी नवा क्लब काढतो आहोत. सुरुवातीलाच काय ठरवावे?
– एक पालक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : शिकवणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. मुलांना मेसेज करायचा तर पालक ज्यात आहेत अशा ग्रुपवरच. स्पर्धेला जाताना गाडीत एकट्या मुलासोबत एकटा प्रशिक्षक नको. कपडे बदलायची जागा मुलामुलींची वेगळी, मोठ्यांचीही वेगळी, आणि तिथे मोबाइल बंद.

पाण्यातल्या स्पर्शाचा नियम लेखी असावा. लाइफ जॅकेटचे पट्टे मुलाने स्वतः आवळावेत. तपासायचे तर आधी सांगून, खांद्यावरचे पट्टे वर ओढून पाहावे. पाण्यात पडलेल्याला बोटीवर घेताना जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यांना धरावे, अंगाला नाही. सुरक्षिततेची रीतही हीच आहे, म्हणून मुलांना ती आधी जमिनीवर शिकवा. वेगळा स्पर्श झाला, की ते त्यांच्या लगेच लक्षात येईल. हे मुलग्यांसाठीही तितकेच. पॉक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

पहिल्याच सर्वसाधारण सभेत हे नियम ठरावाने मंजूर करा. दोन संपर्क व्यक्ती नेमा, त्यातली एक तरी स्त्री असावी आणि दोघांपैकी कोणीही प्रशिक्षक नसावे. त्यांचे क्रमांक, स्थानिक समितीचा पत्ता, मुलांची हेल्पलाइन 1098 आणि आपत्कालीन क्रमांक 112 हे सगळे बोटी ठेवता त्या शेडच्या दारावर, मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लावा.