‘शन’ प्रत्ययाची कुळकथा

नंदुरबार हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्टेशन होय. हा शब्द लहान मुलांच्याही तोंडी असतो. परंतु पेन्शन, इन्स्पेक्शन, रजिस्ट्रेशन या शब्दांच्या अंती तोच ‘शन’ का येतो, याचा उलगडा त्यांना होत नाही.

‘शन’ हा इंग्रजीच्या द्वारे आलेला, मूळचा लॅटिन प्रत्यय आहे. तो धातूस लागला म्हणजे त्या क्रियेचे अथवा तिच्या फलाचे नाम बनते. उभे राहण्याच्या अर्थाच्या धातूपासून ‘स्टेशन’, म्हणजे उभे राहणे व पुढे उभे राहण्याचे ठिकाण. तोलून देण्याच्या अर्थाच्या धातूपासून ‘पेन्शन’, म्हणजे चुकते केलेले द्रव्य.

हा प्रत्यय सर्वस्वी परका नव्हे. संस्कृतातील ‘क्तिन्’ प्रत्ययाचा ‘ति’ आणि लॅटिन प्रत्ययातील आद्य अंश हे एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. म्हणून स्थिती व स्टेशन, मती व मेन्शन, जाती व नेशन या जोड्या परस्परांच्या सोयऱ्या ठरतात. जाती व नेशन या दोहोंचा मूळ अर्थ ‘जन्म’ असाच होता. संस्कृत व लॅटिन यांचा उगम एक असावा, हा विचार विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यास मांडला.

अक्राणी–अक्कलकुव्याकडील ज्या मुलाची घरची भाषा भिली वा पावरी, त्यास मराठीही शाळेतच शिकावी लागते. त्याने ‘इन्स्पेक्शन’ नुसते पाठ केले, तर त्याच्या पदरी अक्षरे पडतात, अर्थ पडत नाही. यासाठी शिक्षकांनी प्रथम त्याच्या शेतातील शब्द घ्यावेत : पेर–पेरणी, काप–कापणी, मोज–मोजणी. याच क्रियांना त्याच्या घरी काय म्हणतात, ते त्यालाच विचारावे व फळ्यावर लिहावे. मग तपास–तपासणी, नोंद–नोंदणी असे पुढे जावे आणि शेवटी इन्स्पेक्शन व रजिस्ट्रेशन हे शब्द त्यांच्या शेजारी मांडावेत. ‘णी’ व ‘शन’ यांचे नाते कुळाचे नसून कामाचे आहे, हे ध्यानी ठेवावे.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ‘दर्शन’ व ‘अनशन’ यांतील ‘श’ धातूचा आहे. तेथे हा प्रत्यय नाही. शब्दाचा शेवट ऐकून कूळ ठरवू नये. शब्द फोडून पाहावा. ही सवय मुलास लागली, तर नवा शब्द पाहून ते बिचकणार नाही.