'कुत्र्यापासून सावध' ही पाटी नेमकी कोणासाठी?



परिसर अभ्यासाच्या तासाला प्राण्यांचा विषय निघाला की मुलांना एक प्रश्न विचारून बघा, "कोणता कुत्रा चावतो?" उत्तरं पटापट येतात. पिटबुल! रॉटवायलर! डॉबरमन! "आमचा मोती चावेल" असं मात्र सहसा कुणी म्हणत नाही. खरं तर लहान मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा ओळखीचाच असतो. घरातला, शेजारचा, नाहीतर मामाच्या गावचा. म्हणून कुत्र्याची जात, त्याचा स्वभाव आणि मालकाची जबाबदारी या तीन गोष्टी मुलांसमोर वेगवेगळ्या करून मांडायला हव्यात.

१. बदनामी कशी फिरते?

आपल्या लहानपणी फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी दिसली की आत अल्सेशियन किंवा डॉबरमन असणार, असं आपण धरूनच चालायचो. आज तीच भीती पिटबुलच्या नावाला चिकटली आहे. पण 1920-30 च्या दशकांत अमेरिकेत 'अवर गँग' नावाची मुलांची चित्रपटमालिका गाजली. तिच्यात डोळ्याभोवती गोल असलेला, मुलांचा लाडका कुत्रा होता. तो याच पिटबुलच्या वंशातला! वंश तोच, पण लोकांच्या मनातलं त्याचं चित्र बदललं.

२. शास्त्र काय सांगतं?

एप्रिल 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले होते. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण 9 टक्केच फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यातून दिसलं. बाकीचा फरक त्या-त्या कुत्र्याचा स्वतःचा स्वभाव, वय, वाढवण्याची पद्धत, आलेले अनुभव अशा गोष्टींतून येतो. 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच' ही म्हण शेपटीपुरती खरी असेल, स्वभावाला ती सरसकट लावता येत नाही.

मग जातीला काहीच अर्थ नाही का? आहे. वजनदार, ताकदवान जबड्याचा कुत्रा चावला तर इजा फार मोठी होते, जीवही जाऊ शकतो. छोटा पॉमेरेनियन चावला तर तेवढी होत नाही. म्हणजे मोठा कुत्रा पाळणाऱ्याची जबाबदारी जास्त.

३. बंदी घालून प्रश्न सुटतो का?

ब्रिटनमध्ये 1991 च्या कायद्याने पिटबुल टेरियरसह चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी आली. तरी हल्ले थांबले नाहीत आणि 2023 च्या अखेरीस इंग्लंड-वेल्समध्ये 'एक्सएल बुली' हा पाचवा प्रकार त्या यादीत घालावा लागला.

आपल्याकडे मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 23 'हिंस्र' प्रकारांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याबद्दल राज्यांना परिपत्रक पाठवलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नाही म्हणून एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. ज्यांच्या घरात माणूस गेलं त्यांचा राग समजण्यासारखा आहे, आणि धोकादायक कुत्र्यांच्या विक्रीवर लक्ष हवंच. पण यादीत नसलेला कुत्रा सुरक्षित, असा समज झाला तर तो मुलांच्या जिवावर बेतू शकतो.

४. मालकाची जबाबदारी

- दरवर्षी रेबीजची लस आणि त्याचं कार्ड जपून ठेवणं. महापालिका-नगरपालिकेचा नियम असेल तिथे नोंदणी.
- पिल्लू असतानाच त्याला माणसांची, मुलांची, आवाजांची सवय लावणं.
- बाहेर नेताना पट्टा. तो पट्टाही कुत्र्याला आवरू शकेल अशा मोठ्या माणसाच्या हातात हवा.
- 'कडक' व्हावा म्हणून दिवसभर साखळीला बांधणं, मारणं, लोकांच्या अंगावर 'छू' करणं बंद. अशाने राखण होत नाही, कुत्रा बिथरतो.
- लहान मूल आणि कुत्रा यांना एकटं न सोडणं, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

ही नुसती चांगुलपणाची गोष्ट नाही. आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

५. मुलांना काय शिकवायचं?

- कुत्रा जेवताना, झोपलेला असताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याच्याकडे जायचं नाही.
- मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मिठी मारायची नाही, तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही.
- शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे असं दर वेळी नसतं. अंग ताठ, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, गुरगुरतोय, म्हणजे तो "लांब राहा" म्हणतोय.
- अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. झाडासारखं स्थिर उभं राहायचं, हात अंगाशी, नजर खाली. खाली पडलो तर कासवासारखं गोळा होऊन मान आणि कान झाकायचे.

'झाड' आणि 'कासव' मैदानावर खेळ म्हणून घ्या. पहिलीची मुलंसुद्धा छान करतात.

६. चावलंच तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. लगेच दवाखाना, आणि डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पूर्ण.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 2023 मध्ये गाझियाबादला एका चौदा वर्षांच्या मुलाला शेजारचा कुत्रा चावला. भीतीपोटी त्याने ते घरी सांगितलंच नाही. महिन्याभराने लक्षणं दिसली आणि रेबीजने तो गेला. लक्षणं सुरू झाली की रेबीजवर जवळपास इलाज नसतो. वेळेवर लस मिळाली असती तर तो वाचू शकला असता. इथे जातीचा प्रश्नच नव्हता. घरी सांगायची भीती वाटली नसती तर कदाचित वेळ हातात राहिली असती.

म्हणून पालकांनो, आजच मुलांना जवळ घेऊन सांगा, "कुत्रा चावला, ओरखडलं, तर आधी आम्हाला सांग. तू त्याची खोडी काढली असलीस तरी रागावणार नाही." आणि हा शब्द पाळा.

उपक्रम : ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्या मुलांनी लसीच्या कार्डावरची शेवटची तारीख बघून यायची. नसेल तर घरच्यांना आठवण करायची. मग सगळ्यांनी फाटकावरची पाटी नव्याने लिहायची. 'कुत्र्यापासून सावध' एवढ्यावर न थांबता, "आमच्या शेरूला लस दिली आहे. तो बांधलेला असेल. विचारल्याशिवाय हात लावू नका." अशी. वाचणाऱ्याला सावध करणारी, आणि लिहिणाऱ्यालाही बांधून ठेवणारी.