जाळी संगणक आखतो, चौकोन कोण ठरवणार?

भूगोल घेऊन शिक्षकी पेशाशिवाय दुसरे काय करणार, असे विचारणाऱ्या पालकांनी गिरगावातली खोताची वाडी नकाशावर पाहावी. अठराव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या या वाडीतली पोर्तुगीज वळणाची जुनी घरे आता मोजकीच उरली आहेत. समजा, गिरगावातल्या प्रत्येक जुन्या घराचे अक्षांश-रेखांश नोंदवले, तर पडद्यावर नुसते ठिपके उमटतील. ही घरे कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत हे पडताळायचे, तर ठिपक्यांवर सारख्या चौकोनांची जाळी टाकून प्रत्येक चौकोनातली घरे मोजावी लागतात. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम काही मिनिटांचे आहे. मग त्यासाठी पगार कोण देईल, ही शंका रास्तच आहे.

पगार असतो तो जाळीमागच्या निर्णयाला. चौकोन 500 मीटरचा घेतला, तर वाडी, भोवतालच्या चाळी आणि नवे टॉवर एकाच आकड्यात मिसळतात; 5 मीटरचा घेतला, तर बहुतेक चौकोन रिकामे राहतात. जाळी थोडी सरकवली तरी आकडे बदलतात. बाजू अंशांत दिली, तर मुंबईत 0.001 अंश पूर्व-पश्चिम सुमारे 105 मीटर आणि उत्तर-दक्षिण सुमारे 111 मीटर भरतो, म्हणजे चौकोन चौरस राहत नाही. म्हणून आधी हे ठिपके यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या 43 उत्तर पट्ट्यात आणावे लागतात. एआय जाळी आखून देईल. पण वारसा जपण्यासाठी कोणता चौकोन योग्य आणि दवाखान्याची जागा ठरवण्यासाठी कोणता, याची जबाबदारी विषय समजणाऱ्या माणसालाच घ्यावी लागते.

नकाशे गिरवण्याच्या कामात पैसे कमी, हा आक्षेपही खरा आहे. म्हणूनच केवळ सॉफ्टवेअरच्या कोर्सवर थांबू नये. भूगोल, संख्याशास्त्र आणि थोडे पायथन प्रोग्रॅमिंग यांची जोड हवी. या क्षेत्राची दारेही उघडत आहेत: 2021मध्ये नकाशांवरचे निर्बंध सैल झाले, 2022मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले आणि त्याच वर्षापासून गेट परीक्षेत जिओमॅटिक्सचा, म्हणजे भूमापन आणि नकाशा-माहितीच्या शास्त्राचा, स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबई, पुण्याची सिम्बायोसिस जिओइन्फर्मॅटिक्स आणि देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था (आयआयआरएस) इथे या विषयाचे शिक्षण मिळते. मात्र फी भरण्याआधी मुलांनी आपल्याच वॉर्डच्या माहितीवर तीन आकारांच्या जाळ्या टाकाव्यात आणि त्यांतली कोणती योग्य, ते पानभर लिहून पाहावे. त्या लिहिण्यात मन रमले, तर पालकांनी निर्धास्तपणे होकार द्यावा.