यात्रा नेणारा माणूस

बीड जिल्ह्यातल्या माणसाला प्रवास काही नवा नाही. दसरा-दिवाळी झाली की कितीतरी घरे बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी थेट कर्नाटकात. आषाढीला पंढरपूर, महाशिवरात्रीला परळी, कार्तिकी पौर्णिमेला कपिलधार, अधूनमधून अंबाजोगाईची योगेश्वरी, हे तर ठरलेलेच. पण तेच काशीला जायचे म्हटले की आपला पाय घुटमळतो. गाडी कुठून मिळते? तिकीट कसे काढायचे? उतरायचे कुठे? भाषा कळेल का? मग घरातले म्हणतात, "ज्याला ठाऊक आहे असा कोणी असला तर जाऊ."

तो "ठाऊक असलेला माणूस" म्हणजेच यात्रा नेणारा. शहरात त्याला ट्रॅव्हल प्लॅनर म्हणतात. त्याची स्वतःची मोटार नसते. तो कुठल्या कंपनीचा नोकर नसतो. दहा माणसांचा प्रवास तो नीट आखून देतो आणि त्या कामाचा मेहनताना घेतो. हा धंदा गावात राहून करता येतो. भांडवल थोडे लागते. वही लागते, फोन लागतो आणि लोकांचा विश्वास लागतो. पहिल्या दोन गोष्टी बाजारात मिळतात.

हे काम आजचे नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी इथले तीर्थोपाध्ये पिढ्यानपिढ्या वह्या ठेवत आले. कोणत्या गावचे, कोणत्या कुळाचे, कोण कधी येऊन गेले, हे त्या वहीत लिहिलेले असते. तुम्ही गावाचे आणि आडनावाचे नाव सांगितले की उपाध्ये वही काढतात आणि तुमच्या पणज्याचे नाव वाचून दाखवतात. माणसाला परक्या गावात एकदम घरच्यासारखे वाटते. विलायतेत टॉमस कुक नावाचा माणूस होता. त्याने १८४१ साली सुमारे ५०० माणसे एका आगगाडीत बसवून लेस्टर गावाहून लफबरोला नेली. माणशी एक शिलिंग घेतला. पुढे त्याची जगभर मोठी कंपनी झाली. आपल्या महाराष्ट्रात केसरी पाटील यांनी १९८४ साली 'केसरी टूर्स' सुरू केली. आधी ते शाळामास्तर होते. मोठ्यांची ही गोष्ट एवढ्याचसाठी सांगितली, की सुरुवात सगळ्यांचीच लहान असते. आता आपल्या गावाकडे वळू.

समजा, तुम्ही हे काम करायचे ठरवले. एक म्हातारी मावशी तुमच्याकडे आली. पदराच्या गाठीत पैसे आहेत. उसाच्या फडात मोळ्या बांधून साठवलेले पैसे आहेत ते. ती म्हणते, "लेकरा, मला काशी दाव."

इथे नवखा माणूस काय करतो? लगेच भाडे सांगतो. तुम्ही तसे करू नका. आधी विचारा.

"मावशी, काशीत काय करायचं मनात आहे?"

"गंगेत एक बुडी मारायची. मालकाच्या नावानं पाणी सोडायचं. दुसरं काय बी नगं."

"गुडघे कसे आहेत?"

"चालताना बरं वाटतं. पायऱ्या उतरताना जीव जातो."

"रोजची गोळी कसली?"

"बीपीची हाय."

"संगं कोण?"

"धाकटी जाऊ. तिला दिसतं कमी."

पाहा, चार प्रश्नांत सगळा प्रवास बदलला. काशीचे घाट उंच पायऱ्यांचे आहेत. जुन्या गल्ल्यांत मोटार जात नाही. म्हणून मुक्काम असा शोधायचा की घाट जवळ असेल आणि खोली तळमजल्यावर असेल. पायऱ्या कमी पडतील असा घाट आधी विचारून ठेवायचा. पावसाळ्यात गंगा चढते आणि खालच्या पायऱ्या पाण्यात जातात, तेव्हा या दोघींना नेणे बरे नाही. मे महिन्यात तिथे अंगाची लाही होते. आपली माणसे मात्र ऊसतोडीवरून परततात मार्च-एप्रिलात आणि जूनच्या आत मशागतीला लागतात. म्हणजे हाताशी पैसा आणि सवड असते तेव्हाच उत्तरेत ऊन. यावर जादूचा उपाय नाही. फडावर न जाणाऱ्यांना फेब्रुवारीत न्यावे. फडावरून येणाऱ्यांना एप्रिल लागताच न्यावे, आणि भर दुपारी खोलीतच ठेवावे. माझे तर असे मत आहे, की ज्याला "आत्ता नको, नंतर जाऊ" असे सांगता येते, तोच या धंद्यात टिकतो.

आता गाडीचे पाहू. आपल्या जिल्ह्यात परळी हे जुने रेल्वे स्टेशन. बीड शहराला मात्र रेल्वेची फार वाट पाहावी लागली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगर ते बीड गाडी सुरू झाली. तरी काशीकडे जायला मनमाड सोयीचे, कारण मुंबईहून उत्तरेला जाणाऱ्या गाड्या तिथून जातात. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी १२० दिवस होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते कमी झाले. एका तिकिटावर सहा माणसे बसतात. वेटिंगचे तिकीट हातात असले तरी आरक्षित डब्यात बसता येत नाही, हे म्हाताऱ्या माणसांना आधीच समजावून सांगा. नाहीतर रात्री दोन वाजता तिकीट तपासनीस त्यांना उठवील आणि शिव्या तुम्हाला बसतील.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. पुष्कळ पोरे आपल्या मोबाइलवरून सगळ्यांची तिकिटे काढतात आणि वर पन्नास-शंभर घेऊन विकतात. त्यांना वाटते, ही सेवा झाली. कायद्याने तो गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १४३. अधिकृत एजंट नसताना तिकिटांचा धंदा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तर मग करायचे काय? तिकीट यात्रेकरूच्या घरच्यांनी त्यांच्या स्वतःच्या खात्यावरून काढावे, नाहीतर स्टेशनच्या खिडकीवर काढावे. अधिकृत एजंटाकडून काढले तर पावती घ्यावी. तुम्ही कोणती गाडी, कोणता वार, खालचा बर्थ कोणाला, एवढे सांगा. तुमचा मेहनताना आखणीचा आहे. तिकिटावर एक पैसा चढवू नका.

मोटारीचेही तसेच. पांढऱ्या पाटीची गाडी घरगुती वापराची. भाड्याची गाडी म्हणजे पिवळी पाटी, काळी अक्षरे. पांढऱ्या पाटीची जीप स्वस्त पडते खरी. पण भाडे घेऊन माणसे नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पैसे द्यायला नाकारू शकते. मग ज्याचा हात मोडला तो कोणाच्या दारात येईल? तुमच्याच. गाडी ठरवताना परवाना आणि विम्याची तारीख स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते! ड्रायव्हर रात्रभर लग्नाचे भाडे मारून आला असेल, तर सकाळी त्याला चहा पाजून भागत नाही. त्याला झोपू द्या, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघा.

पुष्कळदा जीपच नको असते. महाराष्ट्रातल्या प्रवासाला आपली एसटी पुरते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे. आधार कार्ड जवळ पाहिजे. सगळ्या म्हाताऱ्या बायाच तुळजापूरला निघाल्या असतील, तर खरा माणूस त्यांना सांगतो, "मावशी, जीप कशाला? एसटीनं चला." त्या वेळी तुमची कमाई कमी होते. पण त्या बाया ही गोष्ट नदीवर सांगतात, दळणाच्या गिरणीवर सांगतात. गावातली जाहिरात तिथेच होते. आणि गाडीभर माणसे असतील, तर एसटी आख्खी भाड्यानेही मिळते. त्याला प्रासंगिक करार म्हणतात. आगारात जाऊन विचारावे.

आता हिशेब. इथेच बहुतेक जण बुडतात, म्हणून सावकाश वाचा. पाटी-पेन्सिल घेऊन बसलात तर उत्तम.

समजा, १२ माणसांची तीन दिवसांची यात्रा आहे. गाडीभाडे १५,००० रुपये. मुक्काम माणशी ५००, म्हणजे ६,०००. जेवण माणशी ६००, म्हणजे ७,२००. टोल, गाडीतळ, ड्रायव्हरचा भत्ता मिळून १,८००. एकूण ३०,०००. १२ ने भागले तर माणशी २,५०० झाले. तुमचा मेहनताना माणशी २५०. म्हणून तुम्ही २,७५० सांगितले. छान.

निघायच्या आदल्या रात्री दोघे जण येतात. "आमच्याकडं म्हैस व्याली, आम्हाला काय जमत न्हाई." उरले १०. मुक्काम ५,००० झाला, जेवण ६,००० झाले. पण गाडीभाडे तेच १५,००० आणि टोल-भत्ता तोच १,८००. खर्च झाला २७,८००. हातात आले २७,५००. तीन दिवस राबून तुमच्या खिशातले ३०० गेले, आणि मेहनताना गेला तो वेगळाच. म्हैस त्यांची व्याली, दूध तुमचे नासले!

म्हणून भाव धरताना १२ नव्हे, १० माणसे धरा. २७,८०० भागिले १० म्हणजे २,७८०. त्यात २५० मिळवा. ३,०३० झाले. आता १२ आले तर जमतील ३६,३६०. खर्च ३०,००० आणि तुमचे ३,०००, मिळून ३३,०००. उरलेले ३,३६० तुमचे नाहीत. माणशी २८० प्रमाणे परत करा. शिवाय इसार आधी घ्या आणि पावती द्या. आयत्या वेळी न येणाऱ्याला इसार परत मिळणार नाही, हे पावतीवरच लिहा. तोंडी सांगितलेले माणूस विसरतो. सोयीचे तेवढे त्याला आठवते.

धंदा वाढला तर सरकारची उद्यम नोंदणी करावी. ती फुकट होते. कोणी पैसे मागितले तर समजा फसवतो आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीचीही नोंदणी लागते, पण ती काळजी नंतरची. गावातले मुसलमान बांधव हजला नेण्याबद्दल विचारतील. ते काम आपण अंगावर घेऊ नये. हजला जायचे तर हज कमिटीमार्फत, नाहीतर सरकारी नोंदणी असलेल्या कंपनीमार्फत. कंपनी नोंदलेली आहे की नाही, ते पाहून द्यायला मदत करा, आणि त्याचे पैसे घेऊ नका.

निघताना प्रत्येकाच्या खिशात किंवा कनवटीला एक चिठ्ठी द्या. नाव, गाव, उतरण्याची जागा, तुमचा फोन. काशीला जाणाऱ्यांची चिठ्ठी हिंदीत लिहा. अक्षरे आपलीच आहेत, सोपे जाते. वर दोन आकडे लिहा : मदतीला ११२, रेल्वेत १३९. गर्दीत हरवलेल्या म्हातारीला स्वतःचे नाव सांगता येते, पण धर्मशाळेचे नाव कुठे आठवते? गोळ्या एका पिशवीत न ठेवता दोन पिशव्यांत ठेवा. एक चोरीला गेली तर दुसरी असते.

आणखी एक सांगायचे राहिले. आपण बाहेर नेतो, तसे बाहेरचे लोक आपल्याकडेही येतात. महाराष्ट्रात पाच ज्योतिर्लिंगे मानतात, त्यांत परळीचा वैजनाथ आहे. झारखंडातल्या देवघरचे लोक तो मान आपला म्हणतात, पण परळीला येणाऱ्यांची गर्दी काही त्यामुळे हटत नाही. परळीहून अंबाजोगाई साधारण २५ किलोमीटर. तिथे योगेश्वरीचे देऊळ आहे, मुकुंदराजांची समाधी आहे, आणि दासोपंतांनी कापडावर लिहिलेल्या पासोडीचे गावही तेच. बीडमध्ये पाण्याच्या कुंडात उभे असलेले कंकालेश्वर आहे. सौताड्याचा धबधबा पावसाळ्यात दाखवा. मे महिन्यात नेलेत तर पाहुण्यांना नुसता खडक दिसेल आणि पैसे परत मागतील. हे सगळे आधी स्वतः जाऊन पाहा. पायऱ्या मोजा. संडास कुठे, पाणी कुठे, ते वहीत लिहा. न पाहिलेली जागा दाखवायला घेऊन जाणारा वाटाड्या लगेच उघडा पडतो.

आता पुन्हा त्या मावशीकडे. समजा, यात्रा झाली. तुम्ही सगळे सुखरूप परत आलात. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर बसा, वही उघडा आणि खर्च मोठ्याने वाचा. सगळ्यांसमोर वाचा. मावशी मध्येच थांबवील.

"थांब, लेकरा. नावेचे चाळीस रुपये दोनदा कसे लिहिले?"

वही पाहा. खरेच दोनदा लिहिले असतील तर खोडा.

"चुकलं, मावशी. हे घ्या तुमचे चाळीस."

ती पैसे पदराच्या गाठीत बांधील, आणि मग विचारील, "पुढच्या साली रामेश्वर किती लांब हाय रं?"