गंजिफेचे कारागीर

महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी नावाचे एक टुमदार गाव आहे. गावाच्या मध्यभागी मोती तलाव, तलावाच्या काठी सावंत-भोसले घराण्याचा जुना राजवाडा आणि सभोवार हिरवी झाडी, अशी या गावाची शोभा आहे. परंतु सावंतवाडीचे नाव दूरवर गेले ते केवळ या शोभेमुळे नव्हे. तेथील कारागिरांच्या हातांनी ते नेले आहे. चितारआळीत पाऊल टाकताच दुकानांतून लाकडी आंबे, केळी, काजू, फणस यांच्या राशी दृष्टीस पडतात. त्यांचे रंग इतके हुबेहूब असतात, की एखादे लहान मूल ते फळ खरे समजून सहज तोंडाला लावील! पाट, चौरंग, देव्हारे, मुलींच्या भातुकलीची भांडी, अशा कितीतरी वस्तू या आळीने घरोघरी पोचविल्या आहेत.

याच गावच्या चितारी लोकांच्या हाती आणखी एक कला होती. ती म्हणजे गंजिफा रंगविण्याची.

गंजिफा म्हणजे खेळण्याचे गोल पत्ते. हा खेळ मोगलांच्या काळी भारतात मानाला चढला. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ सालच्या नोंदीत त्याचा उल्लेख येतो. मोगल गंजिफेत आठ रंग आणि ९६ पाने असत. पुढे या देशातील लोकांनी त्या परक्या खेळाला आपल्या घरचा पोशाख चढविला. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग झाले आणि दशावतारी गंजिफा जन्मास आली. तिची पाने १२०. प्रत्येक अवताराची बारा पाने: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची दहा पाने. मत्स्यावताराच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू, अशी ज्याची त्याची खूण. पाच अवतारांत दहाचे पान श्रेष्ठ, तर उरलेल्या पाचांत एक्का श्रेष्ठ. खेळ दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो डाव सुरू करी; रात्री मांडला तर तो मान कृष्णाच्या राजाकडे जाई. असा हा बुद्धीला आणि स्मरणशक्तीला राबविणारा खेळ एके काळी वाड्यांतून आणि ओसऱ्यांवर रंगत असे.

आता हे एक पान तयार कसे होते, ते पाहावयाचे. जुन्या सुती कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने एकमेकांवर चिकटवावयाचे. ते वाळले, की त्यांवर खडूच्या भुकटीचा लेप द्यावयाचा. तो वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटून घोटून पृष्ठभाग नितळ करावयाचा. मग गोल चकत्या कापावयाच्या, त्यांना त्या त्या अवताराचा रंग द्यावयाचा, आणि त्यावर बारीक कुंचल्याने चित्र काढावयाचे. शेवटी पाठीमागच्या बाजूस लाखेचा हात द्यावयाचा. यांतील कोणत्याही कामात घाई चालत नाही. थर ओला राहिला, तर पान वाकते. घोटणी कमी पडली, तर रेघ फुटते. हात थरथरला, तर सारे पान वाया जाते.

आणि चित्रे तरी किती! एका अवताराच्या एक ते दहा या पानांवरील खुणा मोजल्या, तर त्यांची बेरीज ५५ होते. दहा अवतारांच्या मिळून ५५० खुणा. याशिवाय दहा राजे आणि दहा प्रधान वेगळे. म्हणजे गंजिफेचा एक संच करणाऱ्याला एकच मासा पंचावन्न वेळा काढावा लागतो, एकच कासव पंचावन्न वेळा काढावे लागते. पहिला मासा काढताना कोणालाही हुरूप असतो. नवे रंग कालविलेले असतात, हात ताजा असतो, मन प्रसन्न असते. पण तिसावा मासा? पन्नासावा मासा? खेळणाऱ्याला तर सर्व मासे सारखेच हवे असतात. कोणता मासा उत्साहात काढला आणि कोणता कंटाळ्यात, हे पानावरून कळता कामा नये. कारागिराची खरी परीक्षा पहिल्या माशात नसते. ती पंचावन्नाव्या माशात असते.

इतक्या कष्टाने तयार होणाऱ्या या पानांपुढे एक दिवस छापील पत्ते येऊन उभे राहिले. यंत्रावर एका दिवसात त्यांचे हजारो संच निघू लागले. ते स्वस्त होते, हलके होते, हरवले तरी हळहळ वाटू नये असे होते. लोकांनी बावन्न पानांचा नवा खेळ उचलला आणि गंजिफा फडताळात पडून राहिल्या. खेळणारे गेले, तसे विकत घेणारे गेले. आणि विकत घेणारे गेल्यावर रंगविणाऱ्यांनी तरी कुंचला किती दिवस धरावा? कारागिराची मुले दुसऱ्या कामांकडे वळली. ग्रंथ जळाला, तर त्याची दुसरी प्रत कोठेतरी सापडते. परंतु हातातली कला कोणत्याही कपाटात ठेवलेली नसते. ती जाणणारा शेवटचा हात थांबला, की ती संपते.

सावंतवाडीच्या गंजिफेवर ही वेळ येऊन ठेपली होती. त्या वेळी तेथील राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांचे लक्ष तिकडे गेले. ही कला जाणणारे वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून त्यांनी ती समजून घेतली. नुसता आश्रय देऊन ती दोघे थांबली नाहीत. आधी स्वतः शिकावे, मग दुसऱ्यांस शिकवावे, असा मार्ग त्यांनी धरला. राणीसाहेबांनी स्वतः कुंचला हाती घेतला. १९७१ साली ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ या नावाने त्यांनी लाखकामाचा उद्योग सुरू केला आणि राजवाड्याच्या दरबार सभागृहात कारागीर रंगवावयास बसू लागले. जेथे एके काळी मानकरी बसत, तेथे आता रंगांच्या वाट्या मांडल्या गेल्या. सत्त्वशीलादेवी २०१८ साली निवर्तल्या. परंतु त्यांनी लावलेली ही वेल सुकली नाही. त्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगविल्या जातात.

या उद्योगात एक शहाणपणाची गोष्ट होती. गंजिफा खेळणारे लोक पुन्हा घरोघरी निर्माण करणे कोणाच्याच हाती नव्हते. तेव्हा ज्या हातांना दशावतारांची चित्रे येत होती, त्या हातांनी तीच चित्रे पेट्यांवर, पाटांवर आणि घरातील इतर शोभेच्या वस्तूंवरही काढली. गंजिफेचा संच घेणारा गिऱ्हाईक क्वचित येतो. लहान पेटी घेणारा वरचेवर येतो. लहान वस्तूंनी हात चालू राहतो आणि चूलही पेटती राहते. त्यांच्या आधाराने मोठे, वेळखाऊ काम निश्चिंतपणे करता येते. वस्तू काळाप्रमाणे बदलली, पण रेषेतला कस मात्र बदलू दिला नाही. जुनी कला जगवावयाची असेल, तर काय बदलावे आणि काय बदलू नये, याचा असा विवेक ठेवावा लागतो.

राजवाड्याचे छत्र प्रत्येक कारागिराला लाभत नाही. बहुतेकांना आपल्या घरच्या ओसरीवरच दुकान मांडावे लागते. अशा कारागिराने कलेइतकाच हिशेबही जाणला पाहिजे. समजा, एक कारागीर दररोज पाच पाने रंगवितो. तर १२० पानांना २४ दिवस लागतील. पाने तयार करणे, घोटणे, लाख देणे यांत आणखी सहा दिवस गेले, तर एका संचाला पुरा महिना लागला. आता त्याने केवळ कापड, रंग आणि लाख यांचा खर्च मोजला आणि त्यावर वीस दिवसांची मजुरी धरून किंमत सांगितली, तर उरलेल्या दहा दिवसांचे कष्ट त्याने फुकट दिले असे होईल. गिऱ्हाइकाला संतोष वाटेल. पण पुढच्या महिन्यात कारागिराच्या घरी दाणा नसेल. पुष्कळ कारागिरांची उमेद खचते ती काम कठीण असते म्हणून नव्हे. राबूनही हाती काही उरत नाही, म्हणून ती खचते. म्हणूनच स्वतःच्या वेळेची योग्य किंमत लावणे हा लोभ नव्हे. ते कलेचे रक्षणच होय.

ऋतूंचाही हिशेब असतो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते. खळ लवकर वाळत नाही, लेपही सुकत नाही. म्हणून उन्हाचे दिवस आहेत तोवर वाळवणाची कामे उरकून घेतली, तर पावसाच्या झडीत घरात बसून निवांतपणे रंगविता येते. ज्याने वैशाखात चकत्या करून ठेवल्या, त्याला आषाढात हात बांधून बसावे लागत नाही.

एवढे सर्व जमले, तरी एक प्रश्न उरतोच. तोच मासा, तेच कासव, तोच परशू. महिनोन् महिने हेच काम करावयाचे, तर मनाचा हुरूप टिकावा कसा?

याचे उत्तर कारागिराच्या रोजच्या राहणीत सापडते. हुरूप आला म्हणजे काम करू, असे म्हणणाऱ्याचे काम कधीच पुरे होत नाही; कारण हुरूप हा पाहुण्यासारखा असतो. तो कधी येईल आणि कधी जाईल, याचा नेम नसतो. म्हणून जाणता कारागीर त्याची वाट पाहत बसत नाही. तो ठरल्या वेळी आपल्या जागेवर बसतो, रंग कालवितो आणि कुंचला उचलतो. बसताना मन उदास असले, तरी चार रेघा नीट उतरल्या, की ते आपोआप कामात रमू लागते. हुरुपामुळे काम होते हे खरे. पण कामामुळे हुरूप येतो, हे त्याहूनही खरे आहे.

१२० पानांची रास एकदम डोळ्यांपुढे आणली, तर कोणाचीही छाती दडपेल. कारागीर ती रास पाहत नाही. तो आजची पाच पाने पाहतो. पाच पाने ही माणसाच्या आवाक्यातली गोष्ट आहे. संध्याकाळी ती पाच पाने वाळत ठेवलेली दिसली, म्हणजे दिवस सार्थकी लागल्याचा आनंद मिळतो. आणि तोच आनंद दुसऱ्या दिवशीच्या कामाचे भांडवल होतो. डोळे शिणले, तर रंगविणे थांबवून तो घोटणीचे काम घेतो. हात दुखला, तर रंग कुटावयास बसतो. काम बदलणे हीही एक विश्रांतीच असते.

शिवाय, एकट्याने बसण्यापेक्षा चौघांनी मिळून बसावे, यातही मोठे बळ आहे. शेजारच्याची रेघ सुरेख उतरली, की आपलीही तशी उतरावी, असे वाटू लागते. नवशिक्याला शिकविताना जुन्या कारागिरालाही आपल्या कलेची गोडी नव्याने कळते. आपल्यामागून हे काम करणारा कोणीतरी आहे, या जाणिवेने थकलेल्या हातालाही जोर येतो.

पुष्कळ वेळा विकत घेणाऱ्याला या कष्टांची कल्पना नसते. तो किमतीची घासाघीस करतो, आणि छापील पत्ते किती स्वस्त मिळतात, हेही ऐकवितो. अशा वेळी कारागिराने रागावून उपयोग नाही, आणि लाजून किंमत उतरविण्याचेही कारण नाही. पान कसे तयार होते, हे शांतपणे सांगावे आणि ते त्याच्या हाती द्यावे. यंत्राने काढलेले हजार मासे एकसारखे असतात, कारण यंत्राला दुसरे काही करताच येत नाही. माणसाच्या हाताने काढलेले पंचावन्न मासे एकसारखे असतात, ते मात्र त्याने प्रत्येक वेळी मन एकाग्र केले म्हणून. हा फरक ज्याला दिसतो, तो पान परत ठेवीत नाही.

गंजिफेचा खेळ आज थोड्यांनाच येतो. परंतु गंजिफा रंगविणाऱ्याने शिकविलेला धडा कोणत्याही कामास लागू पडतो. कुंभार असो, विणकर असो, शिंपी असो, की वहीत रोज एक पान शुद्धलेखन लिहिणारा विद्यार्थी असो. आरंभीचा उत्साह सर्वांजवळ सारखाच असतो. ज्याचा पंचावन्नावा मासा पहिल्याइतकाच देखणा उतरतो, त्याचेच काम टिकते आणि त्याच्या हाती असलेली कलाही टिकते.

स्वाध्याय

१. दशावतारी गंजिफेत पाने किती असतात? त्यांची वाटणी कशी केलेली असते?
२. गंजिफेचे पान तयार करण्याची रीत क्रमाने आपल्या शब्दांत लिहा.
३. गंजिफा रंगविण्याची कला लोपण्याची वेळ का आली? ती पुन्हा कोणी व कशी सावरली?
४. ‘स्वतःच्या वेळेची योग्य किंमत लावणे हा लोभ नव्हे.’ पाठातील हिशेबाच्या आधारे हे स्पष्ट करा.
५. ‘कारागिराची खरी परीक्षा पंचावन्नाव्या माशात असते’ असे का म्हटले आहे?
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: छाती दडपणे, सार्थकी लागणे, उमेद खचणे, वेळ येऊन ठेपणे.
७. आपल्या गावातील एखाद्या कारागिराचे काम पाहा. त्याला एका वस्तूस किती वेळ लागतो, कोणते सामान लागते व कोणत्या ऋतूत अडचण येते, हे विचारून दहा ओळींत माहिती लिहा.