वणाचं वय

अगं, चिऊच्या हाताचा फोटो पाहिला. जखम भरून दोन महिने झाले, तरी वण लाल नि जाड होत चाललाय म्हणून तू रडतेयस. आधी डोळे पूस. माझा जन्म वॉर्डात ड्रेसिंग करण्यात गेला. वण आधी फुगतो, लाल होतो, खाजतो, आणि मगच निवळतो. मऊ आणि फिकट व्हायला त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. तेव्हा कुठलाही वण बघितलास की पहिलं त्याचं वय विचार. दोन महिन्यांचा वण म्हणजे तान्हं बाळ.

चिऊच्या हातावर चहा सांडला तेव्हा सासूबाईंनी टूथपेस्ट लावली, त्याचा राग धरू नकोस. माझ्या आईनं मला शाई लावली होती. पण पुढं कधी पोळलं तर हात तडक नळाखाली धरायचा, घड्याळ लावून वीस मिनिटं. बर्फ नको, हळद नको, तूप तर नकोच. पोळल्याची जखम दोन आठवड्यांत भरली तर बहुधा रंगाचाच फरक उरतो. तीन आठवड्यांपुढं रेंगाळली की वण जाड होण्याची शक्यता वाढते. चिऊची चोवीस दिवस चालली होती, विसरलीस? तुझ्या हयगयीनं झालेलं नाही हे.

औषधाच्या दुकानात सिलिकॉनची पट्टी मिळते. महाग वाटेल, पण धुऊन पुन्हा वापरता येते. दिवसाचे निदान बारा तास ती वणावर हवी, आणि असं दोन-तीन महिने तरी. रोज पट्टी आणि हात दोन्ही धुवायचे, नाहीतर घामोळं येतं. पट्टी काढलीस की खोबरेल लावून अंगठ्यानं चोळ, कातडी क्षणभर पांढुरकी पडेल इतक्या दाबानं. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. शेजारीण सांगेल अमक्या तेलाचा गुण येतो म्हणून. गुण दाबाचा असतो, तेलाचा नाही. लिंबू मात्र लावू नकोस, आणि उन्हात नेताना लांब बाहीचं झबलं घाल. कोवळा वण उन्हानं काळवंडला की ते काळेपण लवकर जात नाही.

दिसण्यापेक्षा मला काळजी वेगळीच आहे. वण मनगटाच्या आतल्या बाजूला आहे, आणि वण आखडतो. रोज तिला देवापुढं नमस्कार करायला लाव, तळवे पूर्ण चिकटवून, कोपरं बाजूला उचलून. एक तळवा मागं राहायला लागला की थांबू नकोस, प्लास्टिक सर्जनकडे ने. ते मापाचा घट्ट पट्टा देतील. तो आंघोळीपुरता काढायचा, एरवी दिवसरात्र घालायचा. मूल कुरकुरेल. कुरकुरू दे.

आता माझा कान, कारण सगळेच वण निवळत नाहीत. लग्नाच्या वेळी हौसेनं बुगडीसाठी वरचा कान टोचला, आणि तिथं वाटाण्याएवढी गाठ आली. एका डॉक्टरनं ती नुसती कापून काढली. वर्षभरात आवळ्याएवढी होऊन परत आली! तो साधा जाड वण नव्हता, केलॉइड होतं. जाड वण जखमेच्या हद्दीत राहतो. केलॉइड हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरतं. त्याचं नावच मुळी खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलंय. छाती, खांदा, कान, जबडा ही त्याची आवडती ठिकाणं. नुसतं कापलं की ते बहुधा उलटतं. पुढं दुसऱ्या डॉक्टरबाईंनी त्या गाठीतच स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, महिन्या-महिन्यानं. दुखायची बाई फार, पण गाठ बसली. हट्टी केलॉइड असेल तर कापून लगेच इंजेक्शनं किंवा थोडं रेडिएशन देतात. हे घराण्यात चालतं, म्हणून चिऊ मोठी होऊन वरच्या कानाचा हट्ट धरेल तेव्हा माझा कान दाखव तिला.

तुझ्या गालांचंही विचारलंस. बोट फिरवून बघ. सपाट लागलं तर तो डाग, वण नव्हे. पुटकुळ्या आटोक्यात आल्या आणि ऊन टाळलं की काही महिन्यांत विरतो. खड्डा लागला तर कुठलंही क्रीम तो भरणार नाही. त्याला सुया, लेझर असले इलाज लागतात, तेही पुटकुळ्या थांबल्यावर, आणि खड्डा उथळ होतो, नाहीसा होत नाही. तू लावतेस ती गोरं करणारी ट्यूब मात्र आजच फेकून दे. तसल्या कितीतरी ट्यूबांत स्टेरॉइड असतं, कातडी कागदासारखी पातळ होते.

चिऊची सिलिकॉनची पट्टी कापताना वणापेक्षा बोटभर मोठी काप. आणि दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी हाताचा फोटो काढ. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. मला पाठव, नमस्काराचा फोटोही.